डवलीच्या चोचीचं पाखरू

"मागतील ते खायला द्या," असं म्हणून डॉक्टर पायरी उतरले आणि सायकलला टांग मारून निघून गेले. या वाक्याचा अर्थ मालवणात शेंबड्या पोरालाही कळतो. सत्यवान शिरसाटालाही कळला. तो आत गेला, खाटेच्या कडेवर टेकला आणि उसनं अवसान आणून बायकोला म्हणाला, "बोल गो, काय खातलंस? मोरीचा मटण करूया? खाजा हाडू? नायतर शिरवाळे?"

शेवंती खिडकीतून खाडीकडे बघत होती. अंगावर मांस असं राहिलंच नव्हतं. पोट तेवढं फुगलेलं आणि डोळे तेवढे जिवंत.

"माका काय एक खावचा नाय," ती म्हणाली. "माझा पाखरू तेवढा मास्तरांच्या नकाशार घालूक लाव."

भर मध्यरात्री समुद्रात उडी मारून मोरी मासा पकडून आण म्हणाली असती तरी ते सोपं होतं.

सत्यवानाचं बाजारात गोटीसोड्याचं दुकान. पण सोडा विकणं हा त्याचा छंद आणि माणसांना टोप्या घालणं हा धंदा, असं सगळा बाजार म्हणायचा. एकदा त्याने उठवलं की मुंबईच्या बोटीतून सर्कशीचा हत्ती उतरतोय. अर्धं मालवण भर दुपारी धक्क्यावर जाऊन उभं राहिलं. हत्ती आला नाही. उन्हात घसा सुकलेल्या त्या गर्दीला सोडा मात्र सत्यवानानेच विकला.

त्या वर्षांत नकाशांचं वेड सगळ्यांनाच लागलं होतं. मुंबई कोणाच्या नकाशात जाणार यावरून पारावर लोक एकमेकांच्या सदऱ्याला हात घालायचे. आणि इकडे निवृत्त झालेले काशिनाथमास्तर आपल्या पडवीत बसून पाखरांचा नकाशा करत होते. मुंबईच्या कुठल्याशा पक्षीवाल्या मंडळाने त्यांच्यावर काम सोपवलेलं: देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची किनारपट्टी काढा, आणि कुठे कोणतं दुर्मिळ पाखरू दिसलं ते तिच्यावर मांडा. दुर्मिळ असेल तेवढंच. आणि खात्रीचं असेल तेवढंच.

मास्तरांची रीत कडक. ज्याने पाखरू बघितलं त्याने स्वतः समोर यायचं आणि उलटतपासणीला तोंड द्यायचं. दोघांनी बघितलेलं असेल तर नकाशावर भरीव काळा ठिपका. एकट्याने बघितलं असेल आणि मास्तरांची खात्री पटली, तर नुसतं पोकळ वर्तुळ. खात्री नाही पटली तर पडवीच्या पायऱ्या. आपल्या वाडीचं नाव नकाशावर यावं म्हणून लोक रांग लावून येत. एका बहाद्दराने तर शेजाऱ्याचा कोंबडाच रानातला म्हणून दाखवायला आणला होता. मास्तर सगळ्यांचं ऐकून घेत आणि बहुतेकांना पायऱ्या दाखवत. शिमगा संपला होता, आणि येत्या बोटीने नकाशा मुंबईला जाणार होता.

आणि शेवंतीचं पाखरू म्हणजे काय? तर पांढरंशुभ्र, बगळ्याहून मोठं, आणि चोच कशी? नारळाच्या करवंटीची डवली असते ना, पेज वाढायची, तशी! टोकाला चपटी नि गोल. ती पाण्यात घालून पाखरू खाडी ढवळत होतं म्हणे, चुलीवरची पेज ढवळावी तसं.

शेवंतीने हे पहिल्यांदा सांगितलं ते नवऱ्याला. तो पोट धरून हसला. हसला तो हसला, दुसऱ्या दिवशी दुकानात सोड्याची गोटी फोडता फोडता ही गजाल त्याने गिऱ्हाइकांना ऐकवली. "आमच्या बायलेन काय बघल्यान म्हायत आसा?" असं म्हणत हातातली बाटली डावीउजवीकडे ढवळून दाखवली. संध्याकाळपर्यंत बाजाराला तेवढंच काम. शेजारची जानकी मासे विकता विकता टोपलीत हात ढवळून दाखवायला लागली. विहिरीवर बायका एकमेकींना म्हणायला लागल्या, "सत्यवानाची बायल ती! तशीच असतली!"

हे सगळं फिरून फिरून शेवंतीच्या खाटेपर्यंत आलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याला काही सांगायची बंद झाली.

आज बोलली ती हे.

"जलमभर तुझ्या थापा आयकलंय," ती म्हणाली. "लोक हसत, मीसुद्धा हसय. पण मी कधी खोटा बोलूक नाय. तुझी बायल म्हणान माका खोटी होवन जावचा नाय. कळला?"

"कळला गो."

"नकाशार घालूक लाव."

मास्तरांची पडवी सत्यवानाला चांगली ओळखीची. कशी, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी त्याने आणि गणपत गुरवाने मिळून एक बगळा धरला होता. गणपतने पाय धरले आणि सत्यवानाने त्याला कपड्यांच्या निळीने निळाभोर रंगवला, पायांसकट, आणि मास्तरांच्या परसात सोडला. मास्तर हरखले. मुंबईच्या मंडळाला कळवून मोकळे झाले. मंडळाचा एक गृहस्थ मुद्दाम बोटीने आला, आणि त्याच्या नि मास्तरांच्या डोळ्यांदेखत तो बगळा विहिरीच्या पन्हाळीखाली अंघोळ करून पांढरा झाला. तेव्हापासून आख्ख्या मालवणात मास्तरांचं पाठीमागचं नाव 'निळो बगळो'. शाळेतली पोरंसुद्धा म्हणायची.

त्या पडवीत सत्यवान जाऊन उभा राहिला. आणि तिथेच त्याने चूक केली. वाटेत येताना त्याने मनाशी हिशेब मांडला होता की खाटेवर पडलेल्या बाईमाणसाचा शब्द कोण धरणार? त्यापेक्षा पुरुषाने आपल्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगावं.

"मास्तरांनू, मी एक पाखरू बघलंय."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. साक्ष घ्यायची वेळ आली की ते मालवणी सोडून शाळेतली मराठी बोलत.

"बोला."

"खाडयेत. पांढरा. आणि चोच डवलीसारखी."

बाजारात ज्यावर सगळे हसले होते त्यावर मास्तर हसले नाहीत. टाक त्यांच्या हातात तसाच राहिला. "टोकाला चपटी?" त्यांनी हळूच विचारलं. "आणि चोच पाण्यात घालून मान या बाजूने त्या बाजूला फिरवत होता?"

म्हणजे असं पाखरू होतं! जगात कुठेतरी खरोखर होतं, मास्तरांना माहीत होतं, आणि शेवंतीने ते बघितलं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्याची जीभ सुटली. पाखरू कसं उतरलं, कसं उडालं, कसं त्याच्याकडे मान वळवून बघितलं, त्याने सगळं सांगितलं. जितकं शेवंतीने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट.

"पाय कसे होते?" मास्तरांनी विचारलं.

"पिवळेधमक! हळदीसारखे!"

मास्तरांनी टाक खाली ठेवला.

"या पाखराचे पाय काळे असतात, सत्यवान. निळ्या बगळ्याचे पाय रंगवायलासुद्धा तू विसरला नव्हतास." ते उठले. "चोचीची माहिती कुणाकडून काढलीस ते मला माहीत नाही. एकदा हसं झालं तेवढं पुरे. पायऱ्या तिकडे आहेत."

सत्यवान बंदरावर आला. साक्षीदार मिळवायचा. दुसरा माणूस हवा, ज्याच्यावर कोणाचाही विश्वास बसेल असा. खाडीत होडी घालणारा बाबू जाळं सुकवत होता.

"बाबू, तू खाडयेत फिरतंस. तू ता पाखरू बघलंस म्हणान मास्तरांक सांग."

बाबू खो खो हसला. "कोणाक टोपी घालतंस रे आता? परत मास्तराक? मेल्या, तेका म्हातारपणात तरी सोड!"

"टोपी नाय रे. शेवंती जाता. डॉक्टर सांगान गेलो."

"अरे वा! ह्या नवीन काढलंस!"

"बाबू, तुझ्या पाया पडतंय." आणि सत्यवान खरोखरच वाळूत बसला आणि बाबूच्या पायांना हात लावून रडायला लागला. आजूबाजूची माणसं जमली. कोणी शिट्टी मारली. कोणीतरी मागून म्हणालं, "दशावतारात घेवा ह्येका! काय रडता बघा!" सत्यवानाने वर बघितलं. सगळे चेहरे हसत होते. हेच चेहरे बघून तो जन्मभर खूश झाला होता. तो जितका जास्त रडला तितकी माणसं जास्त हसली. शेवटी नाक पुसून तो उठला तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

घरी आला तर शेवंतीने फक्त डोळे उघडले.

"घातल्यानी?"

इथे एक थाप मारली असती तर काम झालं असतं. जिभेवर आली पण होती. पण ती बघतच राहिली, आणि त्याने थाप गिळली.

"घालतले," तो म्हणाला आणि तसाच मागल्या दारातून गणपत गुरवाकडे निघाला.

आता उरली होती ती फक्त सातेरी. वाडीची देवी. कोकणात माणसं कोर्टात खोटं बोलतील, व्यापारात बोलतील, सोयरीक जमवताना तर बोलतीलच. पण देवीसमोर गाऱ्हाणं घालून कौल मागितला, आणि देवीने अंगावर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पाडून होकार दिला, की त्या शब्दापुढे कोणी जात नाही. मास्तर कितीही शिकलेले असले तरी याच वाडीतले होते. सातेरीच्या पायरीवर अजून वहाणा काढून डोकं टेकत.

गणपतने सगळं ऐकून घेतलं. "कौल मी लावतंय," तो म्हणाला. "पण आधीच सांगतंय. बगळ्याचे पाय धरले ते धरले. हयसर पाकळी मी ढिली लावचंय नाय. देवी काय देयत ता."

"देवी उजवीच देतली. पाखरू खरा आसा."

"तू बघलंस?"

"बघलंय म्हणतंय मा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात माणसं जमली. काही देवीसाठी आली, बरीचशी गंमत बघायला आली. गणपतने मास्तरांना मुद्दाम निरोप धाडला होता. ते छत्री घेऊन खांबाला टेकून उभे राहिले, कपाळाला आठी घालून. बाबू आला. जानकी टोपली बाहेर ठेवून दारात उभी राहिली. गणपतने ओल्या हाताने फुलाची पाकळी घेतली, देवीकडे तोंड केलं आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"आई सातेरी! ह्यो तुझो लेकरू सत्यवान आज तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

"तेच्या घरात दुखणा आसा, तेच्या मनात काळजी आसा..."

"व्हय म्हाराजा!" सत्यवानाचा आवाज सगळ्यांहून मोठा. गाऱ्हाणं ज्याचं असतं त्याने मोठ्याने म्हणायचं ही रीतच आहे.

"खाडयेत डवलीच्या चोचीचा पाखरू इला. ता ह्येना आपल्या सोताच्या डोळ्यांनी बघल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. एकटा सत्यवान सोडून. तोंड उघडं होतं, पण आत काही हललंच नाही. गणपतने पाकळी हातात धरून मागे वळून बघितलं. कदाचित खोकला आला असेल म्हणून पुन्हा म्हणाला, आणखी जोरात, "ह्येना आपल्या सोताच्या डोळ्यांनी बघल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

पुन्हा तेच. आता लोक माना वळवून सत्यवानाकडे बघायला लागले. देवीचे चांदीचे डोळे समोर. तीन शब्दही नाहीत, दोन शब्द म्हणायचे. आयुष्यात याहून मोठमोठ्या थापा त्याने सोड्याबरोबर फुकट वाटल्या होत्या.

"अरे बोल मरे!" बाबू मागून कुजबुजला.

"नाय म्हाराजा," सत्यवान म्हणाला.

त्या देवळात हे उत्तर कधी कोणी ऐकलं नव्हतं.

"मी बघूक नाय. माझ्या बायलेन बघल्यान. खाटेर पडान, खिडकेतसून. मी तेव्हा बाजारात होतंय." त्याने देवीकडे बघून हात जोडले. "आणि ता खोटा म्हणान मीच बाजारभर केलंय. तिना माका एकट्याक सांगितल्यान, आणि मी तेचा हसा केलंय. आई, कौल नको. मी मागूचंय नाय. माझ्या तोंडान मागलेला तूसुद्धा कित्याक देतलंस?"

गणपतने हातातली पाकळी देवीच्या पायाशी ठेवून दिली. चिकटवली नाही. कोणी हसलं नाही. मास्तरांनी खांबाला टेकलेली छत्री उचलली, देवीला हात जोडले आणि बाहेर पडले.

संपलं, असं सत्यवानाच्या मनात आलं. मास्तर गेले, नकाशा बोटीत चढणार, आणि शेवंती तशीच जाणार. तो देवळाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. घरी कोणत्या तोंडाने जायचं तेच कळेना. शेवटी उठला, वाटेत दोनदा थांबला, पण जायचं तर होतंच.

घराच्या पायरीवर मास्तरांच्या वहाणा होत्या. आणि दाराच्या कडीला छत्री.

आत मास्तर पाटावर बसले होते, खाटेपासून हातभर अंतरावर. मांडीवर गुंडाळलेला नकाशा. साक्ष चालू होती.

"...मान कशी फिरवत होतं, वहिनी?"

"ह्या बाजून, त्या बाजून," शेवंती म्हणाली. आवाज इतका बारीक की मास्तर पुढे वाकून ऐकत होते. "पेज करपाची नाय म्हणान आपण ढवळतो मा, तसा."

"डोक्यावर तुरा होता का?"

"वारो इलो तेव्हा मागसून काय तरी भुरभुरला. तुरो होतो काय, ता माका सांगूक येवचा नाय."

सत्यवान दारातच थिजला. 'व्हय म्हण,' तो मनात ओरडत होता, 'तुरो होतो म्हण!'

"आणि पाय?" मास्तरांनी विचारलं. "पाय कुठल्या रंगाचे होते?"

सत्यवानाने डोळे मिटले.

"पाय?" शेवंतीच्या कपाळाला आठी पडली. "पाय पाण्यात होते. माका कसे दिसतले? मास्तरांनू, तुम्ही इचारतास पण काय!"

मास्तर ताठ झाले. आणि मग, निळ्या बगळ्यानंतर सत्यवानाने पहिल्यांदाच बघितलं, मास्तर हसले. त्यांनी नकाशा उलगडला आणि तिच्या पायांवरच्या गोधडीवर पसरला. किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ, वर देवगड, खाली वेंगुर्ला, मध्ये मालवण आणि त्याच्या कुशीत खाडी. त्यांनी शाईत टाक बुडवला आणि खाडीच्या तोंडाशी एक बारीक वर्तुळ काढलं. पोकळ. शेजारी लिहिलं: सौ. शेवंती शिरसाट.

मग टाक वर धरून त्यांनी दाराकडे बघितलं.

"सत्यवान, तू त्या दिवशी बाजारात होतास ते देवळात ऐकलं. पण पाखरू दोन-चार दिवस राहिलं असेल. नंतर कधी? सकाळी वगैरे, लांबून, ओझरतं? दुसरा साक्षीदार असेल तर मी हे वर्तुळ भरतो."

एवढा मोठा मास्तर, स्वतःहून थापेला दार किलकिलं करून देत होता. नुसता एक 'व्हय'. ठिपका भरीव झाला असता. कोणाच्या बापाला कळलं नसतं. शेवंतीने उशीवर मान वळवली आणि नवऱ्याकडे बघायला लागली.

"नाय मास्तरांनू," सत्यवान म्हणाला. "मी बघूकच नाय."

मास्तरांनी टाक पुसला. वर्तुळ तसंच राहिलं.

शेवंती बराच वेळ नकाशाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी तिचं बोट धरून त्या वर्तुळावर ठेवलं. शाई ओली होती, बोटाला थोडी लागली.

"पुसला?" ती घाबरून म्हणाली.

"नाही. पुसलं नाही."

मास्तर वहाणा घालून गेले. शेवंतीने काळं झालेलं बोट डोळ्यांसमोर धरलं. मग म्हणाली, "काल काय म्हणा होतंस तू? मोरीचा मटण?"

सत्यवान पिशवी न घेताच धावत सुटला. वाटेत पारावरच्या माणसांनी हाक मारली, "काय रे, हत्ती इलो काय?" तो थांबला नाही. मासळीबाजार उठत आला होता. जानकी रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होती.

"मोरी आसा?"

"संपली. कोणाक होयी?"

"शेवंतीक. तिना मागल्यान."

जानकीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. कालपर्यंत हीच टोपलीत हात ढवळून दाखवत होती. तिने खालच्या टोपलीवरचं केळीचं पान बाजूला केलं, स्वतःच्या घरासाठी ठेवलेली मोरी काढली, कोयतीने तुकडे केले आणि त्याच पानात बांधून त्याच्या हातात दिली.

"पळ," ती म्हणाली. "आणि तिखाट कमी घाल."